धाकटी पाती

शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे सर्वांना ठाऊक आहेत. पण शहाजीराजांना एक पाठचा भाऊ होता, हे किती जणांना माहीत आहे? त्यांचे नाव शरीफजी. त्यांची समाधी आपल्याच जिल्ह्यात, भातोडी गावी आहे.

वेरूळचे मालोजी भोसले यांचे हे दोन मुलगे. नगरचे पीर शाह शरीफ यांना नवस केला, म्हणून मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे सांगतात. मालोजी इंदापूरच्या लढाईत पडले. मुले लहान होती. तेव्हा चुलते विठोजी यांनी त्यांना सांभाळले.

त्या काळी धाकट्याच्या वाट्याला काय येई? पाटलाच्या घरी जमीन व उत्पन्न भाऊ वाटून घेत. पण वडीलकीचा मान थोरल्या पातीचा. पोळ्याला पहिला बैल त्याचा, होळीची पहिली पोळी त्याची. या मानापायी भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. दूर जर्मनी देशातही पूर्वी सरदारांच्या घरी हाच पेच असे. काही घराणी मुलुख वाटून घेत व लहान होत. काही घरांत धाकट्याला देवळाच्या सेवेत घालीत. कोणी दुसऱ्याच्या चाकरीत तलवार धरी.

शरीफजींनी भावाच्या बरोबरीने तलवार धरली. सन १६२४ मध्ये दिल्लीचे मोगल आणि विजापूरचा आदिलशहा मिळून निजामशाहीवर चालून आले. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. हा हबशी, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. अकलेच्या जोरावर वजीर झाला. त्याने भातोडीच्या तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीत पाणी व चिखल झाला. तोफा, जनावरे अडकली. मग मराठे व हबशी त्यांच्यावर तुटून पडले. जय मिळाला, पण शरीफजी कामास आले. शहाजीराजांचा पाठीराखा गेला. पुढे लवकरच शहाजीराजे निजामशाही सोडून विजापूरकरांकडे गेले.

आता काळ पालटला आहे. १९६२ च्या कायद्याने वतनी पाटीलकी गेली. थोरला-धाकटा हा भेद कायद्यात नाही; सर्व मुलगे सारखे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू घरातील मुलींनाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क मिळाला. पण हक्क नुसता असून भागत नाही, त्याची नोंद पाहिजे. धाकट्याने थोरल्यावर, बहिणीने भावावर विश्वास जरूर ठेवावा. तरी सातबारा स्वतः वाचावा. आपले नाव आहे का, वाटा बरोबर आहे का, ते पाहावे. नसेल तर तलाठ्याकडे जाऊन विचारावे. वाटणी तोंडी ठेवू नये, लिहून घ्यावी. लिहिलेले राहिले, तर भाऊबंदकीला जागा कमी राहते.

प्रश्न
१. शरीफजी कोणत्या लढाईत पडले?
२. थोरल्या पातीला कोणते मान असत?
३. तुमच्या सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत? वाचून वहीत लिहा.