चोरपावलांनी येणारे अंधत्व

तमिळनाडूतील मदुरै शहरात डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली अवघ्या ११ खाटांचे ‘अरविंद’ नेत्ररुग्णालय स्थापन केले. पुढे त्याचा वटवृक्षासारखा विस्तार झाला. खेड्यातील गोरगरिबांना शहरात खेटे घालावे लागू नयेत म्हणून रुग्णालयाने गावोगावी लहान नेत्रकेंद्रेही उघडली.

अशा केंद्रात येणारा मनुष्य बहुधा साधीच तक्रार घेऊन येतो. कोणाला सुईत दोरा ओवता येत नाही, तर कोणाला अक्षरे पुसट दिसतात. चष्मा मिळाला की काम झाले, अशी त्याची समजूत असते. परंतु तपासणीत कधी कधी निराळेच सत्य उघडकीस येते. त्याला मधुमेह असतो, आणि त्या रोगाने त्याच्या डोळ्यांतही शिरकाव केलेला असतो. त्या बिचाऱ्याला मात्र याची गंधवार्ताही नसते!

डोळ्याच्या आत, मागील बाजूस, दृष्टिपटल नावाचा नाजूक पडदा असतो. त्यावर केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की या वाहिन्यांच्या भिंती दुर्बल होतात. त्या फुगतात, झिरपतात, काही बंदही पडतात. पुढे तेथे नव्या वाहिन्या फुटतात; पण त्या इतक्या ठिसूळ असतात, की त्यांतून रक्तस्राव होऊन दृष्टीच झाकोळते. विशेष हे, की आरंभी डोळा दुखत नाही, लाल होत नाही, दिसतेही स्वच्छ. म्हणूनच हा रोग चोरपावलांनी येतो.

त्याला पकडावे कसे? १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने नेत्रदर्शक यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. त्यामुळे जिवंत माणसाच्या डोळ्याचा अंतर्भाग पाहणे शक्य झाले. आज तर खेड्यात घेतलेले दृष्टिपटलाचे छायाचित्र दूरच्या नेत्रवैद्याला क्षणार्धात पाहता येते.

हा रोग किती जणांना होतो, हे केवळ नेत्रकेंद्रातील रुग्ण मोजून कळत नाही. तेथे बहुधा दिसण्याची अडचण असलेले लोकच येतात. घरी बसून राहिलेल्यांची गणती कोण करणार? यासाठी वस्तीवस्तीत जाऊन पाहणी करावी लागते. भारत सरकारने २०१५ ते २०१९ या काळात ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या लोकांची अशी पाहणी केली. तीत मधुमेह असलेल्या दर १०० जणांपैकी सुमारे १७ जणांच्या दृष्टिपटलावर या रोगाची चिन्हे आढळली. म्हणजे या वयाच्या, मधुमेह झालेल्या साधारण सहा जणांत एकाच्या दृष्टिपटलावर या रोगाची चिन्हे होती!

एकदा गेलेली दृष्टी पुष्कळदा परत येत नाही. परंतु रोग वेळीच ध्यानात आला, तर लेसर किरणांनी किंवा औषधांच्या इंजेक्शनांनी पुढील हानी बहुतांशी टाळता येते. रक्तातील साखर व रक्तदाब ताब्यात ठेवणे, हाही मोठाच उपाय आहे. म्हणून मधुमेह असलेल्याने, डोळ्यांना काही होत नसले तरी, दरवर्षी बाहुली रुंदावणारे औषध घालून किंवा दृष्टिपटलाचे छायाचित्र काढवून तपासणी करून घ्यावी.

ज्या घरात आजीला अथवा आजोबांना मधुमेह आहे, तेथे नातवंडाने “यंदा डोळे तपासून घेतलेत ना?” एवढे प्रेमाने विचारले, तरी पुरे. त्या एका प्रश्नाने कदाचित एका माणसाचे जग अंधारात बुडण्यापासून वाचेल.