रजेनंतर पार्टनरपद हुकतं का?

प्रश्न : मी पुण्यात एका कन्सल्टिंग कंपनीत मॅनेजर आहे. बाळंतपणाच्या रजेत माझे क्लायंट दुसऱ्यांकडे गेले. पार्टनर होणं आता विसरावं का?
– एक वाचक

उत्तर : मुळीच नाही. नुसते तास भरून पार्टनरपद मिळत नाही. तुम्ही किती काम आणता आणि वरच्या बैठकीत तुमच्यासाठी कोण शब्द टाकतं, यावर बरंच ठरतं. तेव्हा एका वरिष्ठांना गाठून स्पष्ट सांगा, ‘अमुक क्लायंट मला परत हवा.’ नाहीच जमलं, तर त्याच क्षेत्रातला नवा क्लायंट मागा. ‘बाळ लहान आहे, हिला प्रवास नको’ असं कुणी परस्पर ठरवत असेल, तर तिथंच टोका. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा हा कायदेशीर हक्क आहे; त्यापायी मूल्यांकन घसरलं असेल, तर एचआरला लेखी विचारा. आणि हो, टीमच्या बैठकीची टिपणं दरवेळी तुम्हीच काढू नका; अशा कामांनी पार्टनरपद जवळ येत नाही.