संकेतस्थळाची पाने सर्व्हरवर कशी पोहोचतात?

स्वतःच्या संगणकावर संकेतस्थळाची पाने तयार झाली, म्हणजे काम पुरे झाले असे नव्हे. ती पाने त्या एका संगणकापुरतीच असतात. इतरांना ती केव्हाही पाहता यावीत, यासाठी ती इंटरनेटला जोडलेल्या व अहोरात्र चालू असणाऱ्या संगणकावर, म्हणजेच सर्व्हरवर, ठेवावी लागतात. अशी जागा पुरविणाऱ्या सेवेस होस्टिंग म्हणतात, आणि तेथे फाइली पाठविण्याच्या क्रियेस अपलोड. अपलोड करणे म्हणजे फाइल देऊन टाकणे नव्हे, तर तिची नक्कल पाठविणे होय, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावयास हवी.

एका भारतीयाची कामगिरी

या कामासाठी दीर्घकाळ वापरली गेलेली पद्धत म्हणजे ‘फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल’ अथवा एफटीपी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी अभय भूषण यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे असताना एप्रिल १९७१ मध्ये तिचा पहिला मसुदा लिहिला. वर्ल्ड वाइड वेब तेव्हा अस्तित्वातही नव्हते.

या पद्धतीत दोन जोडण्या असतात. एकीवरून आज्ञा जातात, तर दुसरीवरून प्रत्यक्ष फाइल. मात्र तीत एक मोठी उणीव आहे. वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द पोस्टकार्डावरील मजकुराप्रमाणे उघडे जातात. वाटेत ते कोणाच्या हाती लागले, तर त्यास संकेतस्थळाची पाने परस्पर बदलता येतात. यास्तव आता सर्व मजकूर सांकेतिक रूपात नेणारी एसएफटीपी ही पद्धत वापरणे इष्ट होय. क्रोम व फायरफॉक्स या ब्राउझरांनीही २०२१ मध्ये एफटीपीची सोय काढून टाकली.

प्रत्यक्ष कृती

होस्टिंग सेवेकडून सर्व्हरचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव, परवलीचा शब्द व पोर्टचा क्रमांक या चार गोष्टी मिळतात. एसएफटीपीसाठी हा क्रमांक सामान्यतः २२ असतो. फाइलझिला यासारख्या विनामूल्य प्रोग्राममध्ये ही माहिती भरली की पडद्यावर दोन भाग दिसतात. डावीकडे आपला संगणक व उजवीकडे सर्व्हर. डावीकडील फाइली उजवीकडील नेमलेल्या फोल्डरमध्ये ओढून सोडल्या की नकला जाऊ लागतात. हे फोल्डर कोणते, ते सेवेच्या सूचनांत पाहावे. मुखपृष्ठाच्या फाइलीचे नाव बहुधा ‘इंडेक्स.एचटीएमएल’ असे रोमन लिपीतील लहान अक्षरांत ठेवावे लागते.

नेहमी होणाऱ्या चुका

घरच्या संगणकावर दिसणारे छायाचित्र सर्व्हरवर दिसेनासे होते, याचे कारण पुष्कळदा नावात असते. विंडोज प्रणाली रोमन लिपीतील मोठ्या व लहान अक्षरांत सामान्यतः भेद करीत नाही. बहुसंख्य सर्व्हरांवरील लिनक्स प्रणाली मात्र तो कटाक्षाने पाळते. तेव्हा फाइलींची नावे लहान अक्षरांत व मध्ये जागा न सोडता द्यावीत. मराठी मजकुराची पाने ‘यूटीएफ-८’ या संकेतात जतन करावीत व तसा उल्लेख पानाच्या आरंभी करावा. अन्यथा देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. पान उघडण्यास मनाई झाल्यास फाइलीचे परवाने तपासावेत. ६४४ या परवान्यानुसार मालकास वाचण्याचा व लिहिण्याचा, तर इतरांस केवळ वाचण्याचा अधिकार मिळतो.

मूळ प्रतीचे जतन

वैयक्तिक संकेतस्थळांना विनामूल्य जागा देणारी जिओसिटीज ही सेवा १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. पुढे ती याहू कंपनीकडे गेली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत बंद झाली. हौसेने व श्रमाने रचलेली असंख्य पाने त्या पत्त्यांवरून नाहीशी झाली. स्वयंसेवकांनी त्यांतील बरीच जतन केली, तरी सर्वच वाचली नाहीत. ज्यांच्यापाशी मूळ फाइली होत्या, त्यांना त्या अन्य सर्व्हरवर पुन्हा चढविणे शक्य होते. ज्यांनी सर्व्हरवरील नकलेवरच भिस्त ठेवली, त्यांना तो मार्ग उरला नाही.

म्हणून प्रत्येक बदल प्रथम आपल्या प्रतीत करावा, मग तो सर्व्हरवर पाठवावा आणि आपल्या प्रतीचीही एक नक्कल वेगळ्या साधनावर ठेवावी. सर्व्हरवरील जागा भाड्याची असते. तेथील बिऱ्हाड केव्हा हलवावे लागेल याचा नेम नसतो. मूळ प्रत जवळ असली, म्हणजे दुसरे बिऱ्हाड थाटण्यास फार वेळ लागत नाही.