लाकडी जहाजाचा नमुना : खरा किती, मानलेला किती?

आम्हा कापडवाल्यांना एक प्रश्न रोजचाच आहे. गिऱ्हाईक माल हातात घेते, उलटसुलट करून पाहते आणि विचारते, "असली आहे ना?" औरंगाबादची (आताचे छत्रपती संभाजीनगर) हिमरू शाल असो किंवा पैठणी असो, हातमागाचा माल कोणता व यंत्रमागाची नक्कल कोणती हे स्पष्ट सांगणे ही दुकानदाराची जबाबदारी आहे. नक्कल विकणे गुन्हा नाही. नक्कल असली म्हणून विकणे हा मात्र धोका आहे.

हाच प्रश्न आता लाकूडकाम करणाऱ्या आमच्या कारागीर बंधूंपुढेही आहे. दिवाणखान्यात, शाळेत किंवा कार्यालयात ठेवण्यासाठी लाकडी शिडाच्या जहाजांना मागणी असते. औशासारख्या समुद्रापासून दूरच्या गावातला सुतारही असे जहाज करू शकतो, कारण यासाठी समुद्र लागत नाही. हात, हत्यारे व माहिती लागते. परंतु माल तीन तऱ्हेचा असतो हे आधी ध्यानात घ्यावे. खेळणे, शोभेची वस्तू आणि नमुना. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्याला कोणी पुरावा मागत नाही. शोभेच्या जहाजाला देखणेपणा पुरे. नमुना म्हटले की "अमुक काळचे जहाज असे होते" असा दावा आला, आणि दाव्याला पुरावा लागतो.

हा पुरावा कसा तोलावा, याचा उत्तम धडा आपल्या मराठवाड्यातील एका चित्रातून निघालेला आहे.

अजिंठ्याचे जहाज समुद्रावर

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत जहाजाचे चित्र आहे. काळ इसवी सनाचे पाचवे शतक. त्या आधारे जुन्या पद्धतीचे पूर्ण आकाराचे जहाज बांधण्याचा करार जुलै २०२३ मध्ये केंद्राचे संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल व गोव्याची होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांच्यात झाला. १२ सप्टेंबर २०२३ रोजी तळाचा कणा बसवला. केरळच्या कारागिरांनी उस्ताद बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली काथ्याच्या दोरीने हजारो टाके घालून फळ्या शिवल्या व राळेने सांधे बंद केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरले. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झाले व त्याला 'कौंडिण्य' हे नाव मिळाले. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये ओमानच्या मस्कत बंदरात पोहोचले.

आता कारागिराने विचार करावा. हे जहाज इतिहासाला धरून आहे काय? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्याचे भाग पाडावे लागतात.

चित्र काय सांगते, काय सांगत नाही

लेणे क्रमांक २ मधील प्रसिद्ध जहाज पाहा. उंच व उभट शिडे, नाळेवर रंगवलेला डोळा, मागच्या बाजूस मांडलेले घडे, बाजूला सोडलेले सुकाणूचे वल्हे, इतके दिसते. परंतु चित्र एका बाजूने काढलेले आहे. रुंदी किती, पाण्याखालचा भाग कसा, आतून फळ्या कशा जोडल्या, लाकूड कोणते, हे चित्रातून कळत नाही. चित्रकार जहाज बांधणारा नव्हता. त्याला कथा सांगायची होती. त्या काळचा आराखडा शिल्लक नाही व असे जहाजही मिळालेले नाही. शिवाय मूळ चित्र झिजलेले आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकोणिसाव्या शतकात या चित्रांच्या नकला केल्या. पुस्तकात छापलेले रेखाचित्र समोर ठेवून काम करणारा कारागीर म्हणजे नकलेची नक्कल करणारा ठरतो, याची जाणीव हवी.

रिकामी जागा कशाने भरली

पहिला आधार जिवंत कारागिरीचा. खिळ्याऐवजी दोरीने फळ्या शिवण्याची विद्या केरळ व लक्षद्वीपच्या किनाऱ्यावर टिकून होती. टिम सेव्हरिन यांनी १९८० मध्ये ओमानमध्ये 'सोहार' हे शिवलेले जहाज बांधले, तेव्हा लाकूड मलबारचे व शिवणारे हात लक्षद्वीपच्या बेटवासीयांचे होते. ते जहाज १९८१ मध्ये चीनला पोहोचले.

दुसरा आधार प्रवाशांच्या लेखांचा. चौदाव्या शतकातील इब्न बतूता सांगतो की, हिंद व यमनची जहाजे काथ्याने शिवतात. कारण खिळ्यांचे जहाज खडकावर आदळून फुटते, शिवलेले लवचीक राहते. ही साक्ष मोलाची आहे. पण ती अजिंठ्याच्या चित्रानंतर सुमारे नऊशे वर्षांची आहे. नंतरच्या काळाची साक्ष घ्यावी, मात्र ती नंतरची आहे असे सांगून.

तिसरा आधार परीक्षेचा. मद्रास आय.आय.टी.च्या सागरी अभियांत्रिकी विभागाच्या मदतीने या जहाजाच्या लहान नमुन्याची पाण्यात चाचणी घेतली गेली. परंतु जहाज मस्कतला पोहोचले म्हणून पाचव्या शतकातले जहाज हुबेहूब असेच होते, असे सिद्ध होत नाही. असे जहाज होऊ शकते व चालू शकते, एवढे सिद्ध होते. शिंप्याने अंदाजाने बेतलेला अंगरखा अंगाला बसला, तरी जुना अंगरखा त्याच बेताचा होता असे म्हणता येत नाही.

राहिली सजावट. 'कौंडिण्य'च्या शिडांवर गंडभेरुंड व सूर्य आहेत, नाळेवर सिंह-याळी कोरलेली आहे, डेकवर हडप्पा पद्धतीचा दगडी नांगर आहे. हडप्पा व अजिंठा यांच्यात दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. पण बांधणाऱ्यांनी हा नांगर प्रतीक म्हणून ठेवल्याचे जाहीर केले आहे. सांगून ठेवलेली सजावट ही फसवणूक नव्हे.

लहान नमुना करताना

१. प्रमाण. 'कौंडिण्य' सुमारे २० मीटर लांब व साडेसहा मीटर रुंद आहे. १ ला ५० हे प्रमाण धरले तर नमुना ४० सेंटिमीटर लांब व १३ सेंटिमीटर रुंद होईल. एकदा धरलेले प्रमाण डोलकाठीपासून घड्यापर्यंत सगळीकडे पाळावे.

२. दोरी. या प्रमाणात १ मिलिमीटरचा दोरा म्हणजे खऱ्या जहाजावर ५ सेंटिमीटरचा दोरखंड. एक इंची दोर दाखवायचा तर अर्धा मिलिमीटरचा दोरा लागेल. बाजारात दिसणारी कित्येक जहाजे इथेच फसतात.

३. शीड. जाड कॅनव्हास लावला तर शीड पत्र्यासारखे ताठ दिसते. ८० नंबर किंवा त्याहून बारीक सुताची, खळ काढलेली मलमल घ्यावी. पांढरीशुभ्र नको, कोऱ्या कापडाचा रंग बरा.

४. लाकूड. खरे जहाज सागवानाचे असले तरी लहान नमुन्यात सागाचे मोठे रेषे डोळ्यांत भरतात. हळदूसारखे बारीक पोताचे लाकूड बरे पडते. लाकूड बदलल्याचे लिहून ठेवावे.

५. जातीची मिसळ नको. स्कूनर जातीच्या जहाजाची शिडे जहाजाच्या लांबीच्या दिशेने लावलेली असतात व ती जात युरोप-अमेरिकेची आहे. तिची शिडे लावून खाली मराठा आरमाराचे 'गुराब' असे नाव लिहिणे चुकीचे आहे. गुराब हा शब्द अरबीतला, अर्थ कावळा. तिची पुढे निघालेली सखल नाळ व पुढच्या बाजूस रोखलेल्या तोफा ही तिची ओळख होती. नाव लिहायचे तर ओळख जुळली पाहिजे.

चिठ्ठी लावा

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक नमुन्याच्या तळाला एक चिठ्ठी चिकटवावी. तिच्यात तीन रकाने असावेत. पुराव्याने घेतलेले, अंदाजाने केलेले आणि शोभेसाठी घातलेले. खाली प्रमाण, लाकूड, वर्ष व कारागिराचे नाव. अजिंठ्याच्या जहाजाच्या चिठ्ठीत शिडांचा आकार, डोळा व घडे पहिल्या रकान्यात येतील. रुंदी, तळ व शिवण दुसऱ्यात. शिडावरील सूर्य तिसऱ्यात.

काही बंधू म्हणतील, अंदाज कबूल केला तर गिऱ्हाईक "शंभर टक्के ऐतिहासिक" असे लिहिणाऱ्या शेजाऱ्याकडे जाईल. एखादे जाईलही, हे आम्ही नाकारत नाही. परंतु शाळा किंवा संग्रहालय वस्तू घेते तेव्हा जाणकार माणूस ती तपासतो. खोटा दावा एकदा उघडा पडला की पुढचे काम मिळत नाही, आणि तोवर शेकडो मुले चुकीचे जहाज पाहून गेलेली असतात. हे नुकसान पैशाने भरून निघत नाही.

मापात कमी देणे जसे नाजायज, तसे पुराव्यापेक्षा जास्त सांगणेही. नमुन्यात अंदाज असणारच. तो मोजून घ्यावा, लिहून द्यावा आणि मग आपल्या मेहनतीचे दाम निःसंकोच मागावे.