रानजैतुनाची फांदी

पवित्र शास्त्रात जैतुनाचा उल्लेख वारंवार येतो. परंतु आपल्यापैकी बहुतेकांनी ते झाड पाहिलेले नसते. म्हणूनच रोमकरांस पत्राच्या ११ व्या अध्यायातील कलमाचा दृष्टान्त आपण वरवर वाचून पुढे जातो. तो नीट उमगावा यासाठी प्रथम भूमध्य समुद्रातील क्रेत बेटावर जाऊ या. पौलाने तीताला मागे ठेवले ते हेच बेट (तीत १:५), आणि जैतुनाची शेती तेथे आजही घरोघरची आहे.

क्रेतात उन्हाळा कोरडा असतो. पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो. खडकाळ, उथळ जमिनीतही जैतून तग धरतो. नोव्हेंबरपासून फळे उतरवू लागतात. झाडाखाली जाळी पसरून फांद्या काठीने झोडण्याची रीत जुनी. आता यंत्रेही आली आहेत. सुमारे पाच किलो फळांतून एक किलो तेल निघते. एका वर्षी भरघोस पीक आले, तर पुढच्या वर्षी झाड बहुधा हात आखडते. (झोडणीनंतर फांद्यांवर राहिलेली फळे उपरी, अनाथ व विधवा यांच्यासाठी सोडावीत, ही अनुवाद २४:२० मधील आज्ञा याच कामाविषयी आहे.)

जैतुनाची आठळी पेरून मूळ झाडासारखे झाड मिळत नाही. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून डोंगरउतारावर रानजैतून उगवतो. तो मोठा काटक. पण फळ चिमुकले, गर थोडा, तेल नाममात्र. अशा खुंटावर चांगल्या जातीची काडी बांधतात. कोकणातील वाचकांस हे निराळे सांगावयास नको. रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसचे कलम असेच करतात. क्रेतातील वूवेस गावचा प्रख्यात वृक्ष किमान दोन हजार वर्षांचा मानला जातो. गाभा कुजून गेल्यामुळे त्याचे नेमके वय काढता येत नाही. पण तोही रानजैतुनावर केलेले कलमच आहे. खुंटाचा स्वभाव मात्र कधी पालटत नाही. जोडाखालून फुटणारे धुमारे रानटीच निघतात आणि ते वेळीच काढावे लागतात.

आता पौलाचे शब्द पाहा. त्याने क्रमच उलटा केला आहे : झाड चांगले, आणि फांदी रानटी! कोणता माळी असे करील? काही टीकाकार म्हणाले, पौल शहरात वाढलेला, त्याला शेती काय ठाऊक? इतरांनी त्याच शतकातील रोमी कृषिलेखक कोलुमेल्ला याचा आधार दिला. न फळणाऱ्या जैतुनात रानजैतुनाची डहाळी बसवावी, म्हणजे तो फळू लागतो, असा उपाय त्याने सांगितला आहे. माझ्या मते २४ वे वचन दोन्ही पक्षांच्या नजरेतून निसटते. हे सृष्टिक्रमाविरुद्ध आहे, असे पौल तेथे स्वतःच सांगतो. शिवाय कोलुमेल्लाच्या उपायात रानटी डहाळी झाडाला जोम देते. पौलाच्या चित्रात ती काहीच देत नाही, केवळ मुळाचा रस घेते. रोम येथील परराष्ट्रीय विश्वासणारे यहूद्यांपुढे मिरवू लागण्याचा धोका होता, आणि त्यांना ऐकवण्याची गोष्ट नेमकी हीच होती. आपल्या भारतीय मंडळ्याही त्याच फांद्यांपैकी. तरीही व्यासपीठावरून 'तोडलेल्या फांद्यां'विषयी बोलताना आपण किती सहज स्वतःलाच खोड समजू लागतो!

छाटलेल्या फांद्या शेतकरी थंडीत चुलीत घालतो. त्या पुन्हा झाडाला बांधाव्यात, हा विचार त्याच्या मनातही येत नाही. २३ व्या वचनात पौल देवाविषयी नेमके तेच लिहितो.