ओटीचे नारळ आणि भाऊबीजेचा डबा

भाऊबीजेला भावासमोर बिस्किटांचा डबा उघडला, तर झाकणाला आतून पाण्याचे थेंब लगडलेले. वरच्या थरावर पांढरट हिरवी लव आली होती. भाऊ काही बोलला नाही, त्यानं मुकाट्यानं चकलीकडे हात वळवला. वहिनीला मात्र राहवलं नाही. "वन्सं, ही कुठल्या बेकरीतून आणलीत?" बेकरी माझीच होती. सावेडीतल्या स्वयंपाकघरात, नव्या कोऱ्या ओव्हनमध्ये, मी स्वतः भाजलेली चार घाणे बिस्किटं होती ती.

ही 2019 ची दिवाळी. आमच्या नगरचं अहिल्यानगर व्हायला अजून पाच वर्षं होती. त्या वर्षी ऑक्टोबरअखेरपर्यंत पाऊस हटला नव्हता आणि हवा अशी दमट की सुकत घातलेले कपडे दोन दोन दिवस वाळेनात. पण दोष पावसावर ढकलला, तर पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

नवरात्रात घरी ओटीचे नारळ जमले होते. एक मोहटादेवीहून आलेला, बाकीचे हळदीकुंकवाचे. देवीचे नारळ टाकवत नाहीत आणि रोज रोज नारळीभात कोण खाणार? म्हणून ठरवलं, दिवाळीला नारळाची बिस्किटं करायची. तोवर तीन आठवडे नारळ कोपऱ्यात पडून राहिले. फोडले तेव्हा एकाच्या खोबऱ्याला किंचित आंबूस वास आला. मी तेवढाच भाग काढून टाकला आणि उरलेलं खवलं. भाजल्यावर काय राहतंय, असं मनाला सांगितलं.

ही माझी पहिली चूक, आणि आज विचार केला तर बुरशीपेक्षाही मोठी. जावा बेटावर खोबऱ्याच्या चोथ्यापासून आंबवून केलेला 'टेंपे बोंगक्रेक' नावाचा पदार्थ खाऊन कित्येक माणसं दगावली. इंडोनेशियानं 1988 मध्ये त्यावर बंदी घातली. खोबऱ्यात वाढणारा एक जिवाणू जे विष तयार करतो, ते शिजवून किंवा भाजून नाहीसं होत नाही. आपण नारळ तसा आंबवत नाही हे खरं, पण आंबूस लागलेला नारळ ओव्हनमध्ये शुद्ध होतो हा समज सोडून द्यायला एवढं पुरे. नारळाचे डोळे ओलसर किंवा काळे दिसले, हलवून पाण्याचा आवाज आला नाही, फोडल्यावर खोबरं पिवळट-गुलाबी निघालं किंवा नाकाला शंका आली, तर तो नारळ पूर्ण टाकायचा. देवी रागावत नाही.

दुसरी चूक खुद्द नारळाबद्दलची. आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला. घाटाखालच्या लोकांना परसातला नारळ आणि आम्हाला वाण्याकडची खोबऱ्याची वाटी, अशी जुनी वाटणी आहे. मटणाचा रस्सा असो की काळा मसाला, आमच्याकडे खोबरं म्हणजे सुकंच. मी मात्र कोकणात जन्मल्यासारखी ओला चव मुठी मुठीनं मैद्यात घातला. ओल्या खोबऱ्यात जवळपास निम्मं पाणी असतं, तर बाजारातल्या डेसिकेटेड कोकोनटमध्ये तीन टक्क्यांच्या आसपास. बाहेरून बदामी रंग चढला तरी बिस्किटाच्या पोटात ओल राहते. माझ्या बिस्किटांना कडेला छान रंग आला आणि मी खूश झाले.

आणि तिसरी चूक तर आईच्या लेकीनं करायलाच नको होती. माझ्या लहानपणी दिवाळीच्या आधी मैदा, रवा, साखर आणि डालड्याचा डबा सायकलला अडकवून लोक बेकरीत रांग लावत. सामान आपलं, भट्टी त्यांची. रात्री उशिरा पत्र्याचे डबे भरून नानकटाई घरी यायची. आई त्या डब्यांवर झाकण लावू द्यायची नाही. धुतलेल्या पंच्याखाली रात्रभर तसेच ठेवायची आणि आम्हा मुलांना त्यांच्या आसपास फिरकू द्यायची नाही. मला वाटायचं, हा कडकपणा आमच्या हावरटपणावर आहे. तो वाफेवर होता. मी कोमट बिस्किटांवर घट्ट झाकण लावलं, तेही प्लॅस्टिकच्या डब्याचं.

ओल्या नारळाची टिकणारी बिस्किटं होतच नाहीत असं नाही. भिंगारला आमच्या ओळखीच्या एक गोव्याच्या बाई होत्या, नाताळला बोलिन्हा करायच्या. त्यांना माझी फजिती सांगितली तेव्हा त्या हसल्या नाहीत, एवढाच प्रश्न विचारला, "नारळ पाकात शिजवलास?" त्या साखरेचा पाक करून त्यात बारीक वाटलेला नारळ घोटत, मग रवा घालत. गार झाल्यावर अंड्याचा पिवळा बलक, वेलची. मिश्रण रात्रभर मुरायला ठेवून दुसऱ्या दिवशी गोळे वळायचे, काट्यानं वर आडव्याउभ्या रेघा ओढायच्या आणि भाजायचे. म्हणजे पाणी आधी कढईत आटतं, रवा रात्रभर उरलेली ओल पितो, ओव्हनला फक्त शेवटचं काम उरतं. वेळ हाताशी असेल तर हे करावं.

मला तेवढा धीर नाही. मी आता सुक्या खोबऱ्यावर आले आहे. एक वाटी तूप नि एक वाटी पिठीसाखर हातानं पांढरी होईपर्यंत फेसायची, त्यात दीड वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक रवा, वाटीभर खोबऱ्याचा कीस, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. कीस मंद आचेवर नुसता गरम करायचा, तांबूस नाही, कारण ओव्हनमध्ये तो मैद्याच्या आधी करपतो. त्याआधी वाटीचा एक तुकडा चावून बघा. खवट खोबऱ्याचा वास वेलदोड्यानं झाकला जात नाही, मी तेही करून पाहिलं आहे. ओव्हन दहा मिनिटं आधी तापवून 160 अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं. पहिल्यांदा एकच बिस्किट भाजा. पसरलं तर पिठाला चमचाभर मैदा जास्त हवा, भेगा पडून भुगा झाला तर चमचाभर तूप. बाहेर काढल्यावर ती मऊच लागतात, घाबरून परत आत ढकलू नका. गार होताना कडक होतात. मग जाळीवर पसरून निदान तीन तास. रात्रभर ठेवलीत तर माझ्या आईला बरं वाटेल.

यंदा ओटीचे सहा नारळ आले. दोन त्याच दिवशी फोडून नारळीभात केला, चार शेजारी वाटले. बिस्किटांसाठी खोबऱ्याच्या वाट्या दाळमंडईतून आणल्या.