वजनाचा आलेख आणि डॉक्टरांचा सल्ला

६४ किलो हे वजन योग्य की जास्त? एवढ्याच आकड्यावरून उत्तर देता येणार नाही. उंच माणसाला ते शोभेल, ठेंगण्याला जड होईल. म्हणून किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. या भागाकारास देहभार निर्देशांक किंवा बी. एम. आय. म्हणतात.

समजा, हिंगणघाटच्या एका गृहस्थांची उंची १.६० मीटर आहे. उंचीचा वर्ग झाला २.५६. लागोपाठ चार वर्षांच्या त्यांच्या नोंदी अशा :

वजन (किलो) : ५८, ६०, ६२, ६४
निर्देशांक : २२.७, २३.४, २४.२, २५.०

दरवेळी नवा केसपेपर काढला, तर डॉक्टरांना एकच आकडा दिसतो. चारही बिंदू एका आलेखावर मांडले, की रेषेचा चढ दिसतो : वर्षाला २ किलो. संगणकीय नोंदींचा उपयोग तो हाच. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे १९६९ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयात या शतकाच्या पहिल्या दशकातच रुग्णांच्या नोंदी संगणकावर येऊ लागल्या. अशा नोंदींत उंची व वजन असेल, तर भागाकार करणे, आलेख काढणे व मर्यादा ओलांडताच डॉक्टरांना आठवण देणे ही कामे यंत्रावर सोपविता येतात.

भारतीयांच्या बाबतीत डॉक्टर २३ पासूनच सावध होतात. असे का? २००४ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणून कमरेचा घेर व रक्तातील साखर यांचीही नोंद हवी.

मापनातील चूकही ध्यानात घ्या. उंची ४ सेंटिमीटरने, म्हणजे २.५ टक्क्यांनी चुकली, तर वर्ग केल्यामुळे निर्देशांक सुमारे ५ टक्क्यांनी चुकतो. २५.० च्या जागी २६.३ येईल!

आता खरे काम उरते ते डॉक्टरांचे. ‘तुम्ही लठ्ठ आहात’ असे सुनावले, तर रुग्ण पुन्हा येण्याचेच टाळील. त्याऐवजी आलेख त्याच्यापुढे ठेवून विचारता येते, ‘तीन वर्षांपूर्वी काय बदलले? शेतातले काम सुटून दुकानात बसणे आले का?’ उत्तरातच उपायाची दिशा सापडते. पहिले उद्दिष्टही लहान असावे. वजन ५ टक्के, म्हणजे येथे ३.२ किलो उतरले, तरी रक्तदाब व साखर यांत सुधारणा होऊ शकते.

एक इशारा : वरील मर्यादा प्रौढांसाठी आहेत. तुमच्या वयात उंची वाढत असते. म्हणून वय व लिंग यांनुसार केलेले वेगळे तक्ते वापरतात. या आकड्यांवरून मित्रांना चिडवू नका.

करून पाहा : घरातील एका प्रौढ व्यक्तीची उंची चपला घालून व काढून मोजा. निर्देशांकात किती फरक पडला?